गोटे, गिट्टी आणि टायरची बाजू : वाचकांचे प्रश्न

कापूस वेचणीचे दिवस आले की पांदण रस्त्यांवर गाड्या वाढतात. पावसाने वरचा मुरूम वाहून नेलेला असतो, खालचे गोटे उघडे पडलेले असतात आणि आमच्याकडे टायरचे प्रश्न यायला लागतात. या खेपेच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे : नक्षी नव्यासारखी, पण बाजू फाटली. म्हणून या वेळचे सदर सगळेच साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला दिले आहे.

प्रश्न : थारला २० इंची अलॉय बसवून २६५/५० आर २० मापाचे ऑल-टेरेन टायर घातले. आठ महिन्यांत दोन टायर बाजूने फाटले. नक्षी जेमतेम झिजली आहे. दगडासाठीच बनवलेला टायर म्हणून जास्तीचे पैसे मोजले होते. माल खराब निघाला का?
— एक कापूस उत्पादक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून माल खराब वाटत नाही, माप चुकले आहे. ऑल-टेरेन टायरमध्ये दगडासाठी बनवलेली असते ती नक्षी : जाड ठोकळे, खोल खाचा, खडे अडकू नयेत म्हणून खाचांच्या तळाशी उंचवटे. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात आणि टोकदार गोट्याचा मार ते झेलतात. हे पट्टे खांद्यापाशी संपतात. तिथून रिमपर्यंतच्या बाजूत उरतात ते पॉलिएस्टर दोऱ्यांचे एक किंवा दोन थर आणि त्यावर काही मिलिमीटर रबर. नक्षी कितीही दणकट घेतली तरी या भागाला पोलाद मिळत नाही.

आता मापाचा हिशोब करू. २६५/५० मध्ये २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ५० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के. म्हणजे १३२.५ मिलिमीटर. थारबरोबर येणारा २५५/६५ आर १८ घेतला तर बाजू १६६ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि २४५/७५ आर १६ घेतला तर १८४. गंमत अशी की तुमच्या २० इंची टायरचा आणि या १६ इंचीचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, ७७३ आणि ७७४ मिलिमीटर. लांबून दोन्ही चाके सारख्याच उंचीची दिसतात, पण एकात जमीन आणि रिम यांच्यामध्ये ५१ मिलिमीटर रबर आणि हवा कमी आहे. तेवढी जागा धातूने खाल्ली.

या ५१ मिलिमीटरने काय फरक पडतो ते पाहा. १३२ मधून रिमच्या काठाची उंची, सुमारे १७ मिलिमीटर, वजा करा. नक्षी आणि पोलादी पट्ट्यांची जाडी वजा करा. उभ्या गाडीच्या वजनानेच टायर दोन-अडीच सेंटिमीटर दबलेला असतो, तेही काढा. ढोबळ मानाने सात-साडेसात सेंटिमीटर पोकळी उरते. तुमच्याकडच्या काळ्या दगडाचा मुठीएवढा गोटा चाकाखाली आला आणि गाडी वेगात असली, तर टायर पूर्ण चेपून त्याची बाजू रिमचा काठ आणि गोटा यांच्यात अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी सापडते. दोऱ्या आतल्या आत तुटतात. १६ इंची टायरमध्ये हीच पोकळी बारा सेंटिमीटरच्या आसपास असते.

त्यात तुमचा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. बुलडाणा, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यातला हा दगड फुटला की धारदार कडा सोडतो. नदीतला गोटा घासून गुळगुळीत झालेला असतो, पण क्रशरची ताजी गिट्टी आणि नांगराने वर आणून धुऱ्यावर टाकलेले दगड रबर कापतात. रबर ओले असेल तर अजून सहज कापले जाते, कारण पाणी कडेला वंगणासारखे काम करते. म्हणून भाद्रपदात ज्या गोट्यावरून गाडी कशीबशी गेली, तोच गोटा वैशाखात तितका छळत नाही.

आमचे स्पष्ट मत असे : गाडी आठवड्यातून चार दिवस वावरात जात असेल तर २० इंची रिम काढून ठेवा. थारच्याच कमी किमतीच्या प्रकारात १६ इंची चाके येत होती, त्यामुळे ती बसतात. तरीही विकत घेण्याआधी एक रिम चढवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, नटांचे वर्तुळ, मधले छिद्र आणि ऑफसेट (रिम गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते माप) जुळतो ना, हे पाहून घ्या. कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नका. नोंदणी आणि विमा या दोन्हींच्या दृष्टीने ते सोयीचे पडते. १८ इंचीवरून १६ इंचीवर येताना व्यास सुमारे २ टक्क्यांनी कमी होतो, म्हणून स्पीडोमीटर किंचित जास्त वेग दाखवील. त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : घाटात एका दगडावर चाक जोरात आदळले. तेव्हा काहीच झाले नाही. दहा-बारा दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला. हवा जात नाही. टायरवाले म्हणतात, मागे टाका नाहीतर स्टेपनीला ठेवा. ठेवू का?
— एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : ठेवू नका. मागच्या चाकालाही नको, स्टेपनीलाही नको.

फुगा आला याचा अर्थ त्या जागेच्या दोऱ्या तुटल्या. हवा धरून ठेवते ते आतले पातळ अस्तर, आणि ताण सोसतात त्या दोऱ्या. दोऱ्या गेल्या की ताण उघड्या रबरावर येतो आणि रबर ताणले जाते. मार बसल्यावर तो लगेच दिसला नाही, कारण अस्तराला गेलेल्या बारीक चिरेतून हवा थरांमध्ये हळूहळू शिरत होती. चाकाच्या प्रत्येक फेरीला ती जागा एकदा दबते, एकदा सुटते. शेजारच्या दोऱ्या एकेक करून तुटत जातात. फुगा एखाद्या दिवशी ८० च्या वेगात, भर उन्हात, डांबरी रस्त्यावर फुटेल. मागचे चाक फुटले तर गाडी शेपटीकडून फिरते आणि ती सावरणे पुढचे चाक फुटण्यापेक्षा अवघड असते. त्यामुळे मागे टाका हा सल्ला उलटा आहे. स्टेपनीचे म्हणाल, तर ती लागते रात्री, पावसात, घाटात. तेव्हा हाताशी फुटका टायर असून काय उपयोग?

टायर काढल्यावर दोन गोष्टी बघा. एक, आतल्या अंगाला फुग्यासमोर आडवी घडी किंवा चीर दिसते का. दिसली तर मार बसल्याचा तो पुरावा, आणि कंपनीची हमी अशा टायरला सहसा लागू होत नाही, कारण हमी बनावटीतल्या दोषाची असते. दोन, रिमचा गाडीखालच्या बाजूचा काठ. बाहेरचा काठ सगळे पाहतात, वाकलेला असतो बहुधा आतला. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवून काठाजवळ बोट स्थिर धरले की लंगडेपणा लगेच कळतो.

एक उलटा धोकाही सांगून ठेवतो. हवा नीट भरलेल्या टायरच्या बाजूला कधी कधी उभी, आत गेलेली खोलगट रेघ दिसते. तिथे दोऱ्यांच्या थराचा जोड एकावर एक आलेला असतो, म्हणजे ती जागा दुप्पट मजबूत असते. खोलगट रेघ पाहून चांगला टायर फेकणारे लोक असतात. बाहेर आले ते वाईट, आत गेले ते चालते.

प्रश्न : साइडवॉलला दोन इंचांचा कट आहे. हवा टिकते. रबर भरून गरम पॅच मारून देतो असे दुकानदार म्हणतो. खर्च कमी आहे. करावे का?
— एक दूध संकलक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी कट किती खोल आहे ते पाहू. टायर धुऊन वाळवा. कटाच्या दोन्ही ओठांना अंगठ्यांनी अलगद उघडा आणि उजेडात बघा. आत काळे रबरच दिसत असेल आणि तळ सापडत असेल, तर कट वरवरचा आहे. पांढरट किंवा पिवळसर दोरा दिसला, एक तंतूही दिसला, तर टायर संपला. टोकदार खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालून खोली मोजू नका, उरलेले अस्तर त्यानेच फाटते. काडीपेटीच्या काडीचे बोथट टोक पुरते. नंतर साबणाचे पाणी टाकून पाच मिनिटे थांबा. बारीक बुडबुडे आले तर प्रश्नच मिटला.

वरवरच्या कटाला काही करायची गरज नाही. लोंबणारा रबराचा तुकडा असेल तर धारदार कटरने मुळाशी साफ कापा, म्हणजे तो पुढच्या दगडात अडकून आणखी सोलला जाणार नाही. चिकटद्रव लावून ओठ बंद करू नका. आत माती राहते, ओल राहते आणि उद्या कट वाढला तर दिसत नाही. कटाच्या दोन टोकांवर खडूने खुणा करा आणि दर आठवड्याला पाहा. खुणेच्या पुढे गेला की टायर बदला.

गरम पॅचबद्दल : गाडीच्या रेडियल टायरच्या बाजूची दुरुस्ती विश्वासाची होत नाही. नक्षीतले ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र आतून छत्रीच्या आकाराचा प्लग-पॅच लावून कायमचे बुजवता येते, कारण तिथे पोलादी पट्टा आहे आणि ती जागा फारशी वाकत नाही. बाजू मात्र प्रत्येक फेरीला वाकते. पॅच रबराला रबर चिकटवतो, तुटलेला दोरा जोडत नाही. ट्रॅक्टरच्या मोठ्या, कमी वेगाच्या टायरला बाजूने पॅच मारलेले तुम्ही पाहिले असतील. ताशी १५-२० किलोमीटरचे ते काम गाडीला लावू नये. दूध घेऊन रोज पहाटे जाणाऱ्या गाडीला तर नाहीच.

प्रश्न : गोट्यांच्या रस्त्यावर हवा कमी करावी असे काही जण सांगतात, काही म्हणतात वाढवा. खरे काय?
— एक वाचक, ता. जिवती, जि. चंद्रपूर

उत्तर : दोघांचेही अर्धे खरे आहे आणि कोणते अर्धे तुम्हाला लागू हे टायरच्या उंचीवर ठरते.

हवा कमी केली की टायर मऊ होतो, नक्षी गोट्याला मिठी मारते, दगडाचे टोक एका बिंदूवर न टोचता पसरून बसते. धक्का कमी, पकड जास्त. पण त्याच वेळी बाजू बाहेर फुगते, म्हणजे चाकोरीच्या काठच्या दगडांना ती आधी भिडते, आणि रिम जमिनीच्या अजून जवळ येते. उंच बाजूच्या टायरला हा सौदा परवडतो. बुटक्या बाजूच्या टायरला परवडत नाही, कारण त्याच्याकडे द्यायला उंचीच नाही.

समजा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय लिहिले आहे. ७५ सिरीजचा, म्हणजे मापात तिरप्या रेघेनंतर ७५ लिहिलेला टायर असेल, गाडीत दोनच माणसे असतील आणि वेग ताशी २० च्या आत राहणार असेल, तर २५ पर्यंत उतरवा. ६५ सिरीजला २७-२८. ५० किंवा ५५ सिरीजला २९-३० च्या खाली जाऊ नका, तिथे हवेपेक्षा वेग उतरवणे कामाचे. ताशी २० वरून ४० वर गेलात तर आदळण्याची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. मागे खताची पोती असतील तर हवा अजिबात उतरवू नका. युरियाच्या ४५ किलोच्या दहा गोण्या म्हणजे साडेचार क्विंटल, आणि त्याचा बहुतेक भार मागच्या दोन टायरवर. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, मागची हवा त्याप्रमाणे वाढवा.

टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा, ४४ किंवा ५० किंवा आणखी काही, ही कमाल मर्यादा आहे. तेवढी भरायची नसते. ही चूक पेट्रोलपंपांवर रोज होते. ताठ टायर गोट्यावर उसळतो, नक्षीतले ठोकळे तुकड्या-तुकड्याने उडतात आणि मार थेट सस्पेन्शनला जातो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. हवेचे तापमान दर साडेपाच-सहा अंशांनी बदलले की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना ३२ भरलेला टायर मे महिन्याच्या ४५ अंशांत न चालताही ३८ च्या आसपास दाखवील. तो वाढलेला दाब पाहून दुपारी हवा सोडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सवय महागात पडते, कारण संध्याकाळी टायर थंडावतो आणि दुसऱ्या दिवशी कमी हवेत धावतो.

शेतातून डांबरीवर आलात की पहिल्या सावलीत थांबून हवा परत भरा. त्यासाठी बॅटरीला चिमट्यांनी लागणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे यंत्र मोठ्या टायरला फार वेळ घेते आणि तापून बंद पडते. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हवा उतरवूच नका. २५ वर ८० च्या वेगाने तीस किलोमीटर गेलात, तर दगडाने वाचलेली बाजू उष्णतेने जाईल.

प्रश्न : गाडी तीच, टायर तेच, पण मोठा भाऊ चालवतो तेव्हा फाटत नाही आणि मी चालवली की फाटतो, तेही नेहमी मागचा. चालवण्यात काय चुकत असेल?
— एक तरुण शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : मागचाच फाटतो हे तुम्ही लिहिले ते फार उपयोगाचे आहे. वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने छोटा फेर घेतात. तुम्ही पुढचे चाक दगडापासून वाचवता, तो नजरेआड होतो आणि स्टेअरिंग लगेच वळवता. मागचे चाक कापत येऊन त्याच दगडाला बगल घासते. दगड पुढच्या चाकाच्या मागे गेला म्हणजे संपला नाही. आणखी अडीच मीटर, म्हणजे मागचे चाक पार होईपर्यंत, स्टेअरिंग सरळ धरा.

दुसरी गोष्ट वाटेल उलटी : जो गोटा टाळता येत नाही त्याच्यावर चाक मधोमध चढवा. शेजारून निसटायचा प्रयत्न करू नका. नक्षीला पोलाद आहे, बाजूला नाही. मात्र डिफरन्शियलच्या भांड्याला, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरांच्या गोल डब्याला, लागेल इतका उंच दगड असेल तर खाली उतरून तो बाजूला करा. दोन मिनिटांचे काम आहे.

बैलगाड्या आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत उतरणे सोपे असते, बाहेर पडताना टायर मरतो. चाकोरीच्या भिंतीत रुतलेले दगड बाजूला घासत असतात आणि आपण चाक वळवून त्यावर दाबत नेतो. शक्य तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे चाकोरीबाहेर ठेवून चाला. चाकोरीत उतरावेच लागले तर बाहेर पडण्यासाठी भिंत बुटकी किंवा मातीची आहे अशी जागा शोधा आणि मोठ्या कोनात, एका दमात बाहेर या. रपट्यावर दोन्ही टोकांना सिमेंटचा काठ आणि रस्ता यांच्यात पायरी पडलेली असते. तिथे पूर्ण थांबल्यासारखे व्हा आणि ब्रेक सोडून चढा. ब्रेक दाबलेला असताना पुढचे स्प्रिंग आधीच दबलेले असते, मग सगळा मार टायर घेतो.

चाक फिरत राहील असा रेस कधी करू नका. दगडाला टेकलेले चाक जागच्या जागी फिरले की दगडाची कड करवतीसारखी चालते. लो गिअर असेल तर आधीच टाका, अडकल्यावर नव्हे.

आणि वावरातला आणखी एक शत्रू दगड नाही. पऱ्हाटी किंवा तूर विळ्याने तिरकी कापली की जमिनीत चार बोटे भाल्याचे टोक उभे राहते. वाळल्यावर ते बाजूतून आरपार जाते. काढणी झालेल्या वावरातून गाडी न्यायची वेळ आलीच तर धुऱ्याने न्या, आणि तिथे हवा मुळीच कमी करू नका.

प्रश्न : तीन थरांची साइडवॉल आणि ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठीचा) लिहिलेला टायर घेतला तर कट होणार नाही का?
— एक कंत्राटदार, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : कमी होईल. होणारच नाही असे कोणताही टायर सांगू शकत नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत थर लिहिलेले असतात : ‘ट्रेड’ या शब्दापुढे पोलाद, पॉलिएस्टर आणि नायलॉनचे आकडे, आणि ‘साइडवॉल’पुढे पॉलिएस्टर १, २ किंवा ३. दुकानात हे स्वतः वाचा. जाहिरातीतली खांद्यावरून खाली उतरलेली नक्षी बाजूचा वरचा तिसरा हिस्सा झाकते. मधला भाग, जिथे बाजू सर्वांत जास्त बाहेर येते, तो बहुतेक टायरांत उघडाच असतो.

तीन थर म्हणजे वजन जास्त, चाल कडक, ब्रेक आणि मायलेज थोडे वाईट. एलटी टायरला तेवढाच भार उचलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरचा जुना आकडा त्याला लागू पडत नाही. उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यावरून आकडा घ्या. भारांकही पाहा : १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११२ म्हणजे ११२०. मूळ टायरपेक्षा कमी भारांक नको.

रोज खाणीत किंवा गिट्टीवर जाणाऱ्या गाडीला आम्ही तीन थर सुचवू. पण तीन थरांचा ५५ सिरीज आणि दोन थरांचा ७५ सिरीज यांत निवडायचे असेल, तर आमची पसंती दुसऱ्याला. बनावटीची तारीखही बघून घ्या. चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

प्रश्न : नायट्रोजन भरल्याने किंवा सीलंट टाकल्याने बाजूचा कट वाचतो का?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. सीलंट नक्षीतली खिळ्याची छिद्रे बुजवते. बाजूची चीर प्रत्येक फेरीला उघडझाप करते, तिथे ते टिकत नाही. शिवाय नंतर पॅच लावायचा झाला तर टायरवाल्याला तो चिकटा आधी धुऊन काढावा लागतो.

प्रश्न : पंक्चर नक्षीत होते, बारीक खिळा. तसाच दीड किलोमीटर दुकानापर्यंत आणला. आता दुकानदार म्हणतो टायर गेला. फसवतो आहे का?
— एक किराणा व्यापारी, ता. मालेगाव, जि. वाशीम

उत्तर : त्याला टायर रिमवरून काढून आतली बाजू दाखवायला सांगा. आत काळी भुकटी किंवा रबराचे चुरमुऱ्यासारखे दाणे असतील, किंवा बाजूवर गोल फिरलेली, खरडल्यासारखी रेघ असेल, तर दुकानदार खरे बोलतो आहे. हवा गेल्यावर गाडीचे वजन बाजूच्या घडीवर येते आणि रिम ती घडी भरडत नेते. बुटका टायर यात जास्त लवकर जातो. आत स्वच्छ, चकचकीत असेल तर पंक्चर काढून वापरा.

प्रश्न : मेळघाटात स्टेपनी लावल्यावर दुसरा टायर बाजूने फाटला तर काय करावे?
— एक आरोग्य कर्मचारी, जि. अमरावती

उत्तर : जिथे गाडीतून उतरायला बंदी आहे अशा जंगलात प्रथम वनविभागाच्या चौकीला कळवा किंवा मागून येणाऱ्या गाडीची वाट पाहा. उतरता येत असेल तर सपाट जागा घ्या आणि फाटलेल्या चाकाच्या तिरप्या समोर, दुसऱ्या टोकाला असलेल्या चाकाला पुढे-मागे दगड लावा. जॅकखाली साधारण फूटभर लांबी-रुंदीची, इंचभर जाडीची फळी ठेवा. काळ्या ओल्या मातीत फळीशिवाय जॅक बुडतो, गाडी वर येत नाही. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

आता जे सांगतो ते फक्त जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी. चीर सेंटिमीटरभराची असेल तर पंक्चर किटमधल्या रबरी दोऱ्या शेजारी-शेजारी दोन-तीन भरा. नक्षीत छिद्र कानशीने मोठे करतात तसे इथे करू नका, उरलेल्या दोऱ्या तुटतात. हवा २० च्या आसपास ठेवा, भरताना टायरच्या बाजूसमोर कोणी उभे राहू नये. रिकाम्या गाडीने ताशी १५-२० च्या पुढे जाऊ नका, दर किलोमीटरला उतरून बघा, आणि इतक्या कमी वेगात हा टायर शक्यतो मागच्या चाकाला असू द्या.

चीर मोठी असेल तर दोऱ्या धरत नाहीत. मग टायर काढून दुकानात न्यावा लागतो. तिथे आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा कडा तासून पातळ केलेला तुकडा, चिरेच्या चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जास्त येईल असा ठेवून त्यात रेडियलची ट्यूब टाकतात. आतले बारकोडचे कागद आणि खडे काढायला सांगा, नाहीतर ट्यूब घासून जाते. शहर गाठून तो टायर त्याच दिवशी मोडीत टाका.

दुर्गम भागात नेहमी फिरणाऱ्या गाडीत किट, कॉम्प्रेसर, दाबमापक, कातडी हातमोजे, फळी, दोन व्हॉल्व्ह पिन आणि मापाची एक ट्यूब असावी. ज्यांची स्टेपनी गाडीखाली लटकते त्यांनी महिन्यातून एकदा ती खाली उतरवून पाहावी. चिखलाने तिची साखळी गंजून बसलेली असते, आणि तिच्यातली हवा तर कोणी मोजतच नाही.

प्रश्न : एकच टायर फाटला. फोर-बाय-फोर आहे, चारही बदलावे लागतील का? विम्यातून मिळतील का?
— एक वाचक, ता. कोरची, जि. गडचिरोली

उत्तर : विम्याचे आधी. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर फाटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायर धरला जातो, आणि तोही बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठीचे वेगळे जादा कव्हर मिळते. घेतले असेल तर दगडाने झालेला कट त्यात बसतो का ते वाचून घ्या.

आता टायर. नवा १० मिलिमीटर नक्षीचा आणि बाकीचे ६ मिलिमीटरवर आले असतील तर परिघात २५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे १ टक्का. टू-व्हील ड्राइव्हमध्ये असताना एका ॲक्सलवर असा फरक असला तर डिफरन्शियलची गिअरे सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. फोर-व्हील टाकून कडक जमिनीवर गेलात तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठतो, स्टेअरिंग जड होते, ट्रान्स्फर केसचा, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या गिअरपेटीचा, लिव्हर सुटत नाही. म्हणून फरक ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर एकच बदला. जास्त असेल तर एका ॲक्सलचे दोन बदला आणि नवी जोडी मागे टाका. उरलेला चांगला टायर स्टेपनीला जातो. सतत चारही चाके ओढणाऱ्या गाडीला मात्र पुस्तिकेतली मर्यादा पाळा, ती बरीच कडक असते.

स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही दर ८ ते १० हजार किलोमीटरला फिरवाफिरवीत घ्या. पाचही टायर सारखे झिजले तर हा प्रश्न पुढच्या वेळी येणार नाही. चाक बदलल्यावर नट समोरासमोर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. गोट्यांच्या रस्त्यावर ते सैल पडतात.